डॉ. आलोईस अल्झायमर : विसरण्यामागचा आजार ओळखणारा डॉक्टर

चामराजपेट हा बेंगळुरूचा जुना आणि आखीव भाग. १८९२ साली किल्ल्याच्या पश्चिमेला ही पेठ वसवली गेली. पहिला मेन, दुसरा मेन असे पाचव्या मेनपर्यंत सरळ रस्ते आणि त्यांना छेदणारे क्रॉस. नवख्या माणसालाही इथे घर सापडते. माझे वडील, आमचे अप्पा, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि याच पेठेत स्थायिक झाले. नकाशा आणि होकायंत्र घेऊन रात्रीच्या अंधारात तुकडी नेमक्या जागी पोचवणारा हा माणूस एका सकाळी दूध आणायला बाहेर पडला आणि स्वतःच्याच रस्त्यावर घर शोधत उभा राहिला. शेवटी कोपऱ्यावरच्या फुलवाल्या अक्कांनी त्यांना हात धरून घरी आणले.

त्याआधीची दोन वर्षे घरात कुरबुर चालली होती. अप्पा एकच प्रश्न दहादा विचारत. किल्ली तांदळाच्या डब्यात ठेवत आणि ती चोरीला गेली म्हणून आमच्यावर रागावत. आम्हीही चिडत होतो. मी स्वतः त्यांच्यावर आवाज चढवला आहे, हे इथे कबूल करतो. वय झाले की असे व्हायचेच, असे नातेवाईक सांगत. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि कागदावर एक शब्द लिहिला : अल्झायमर.

कॅडेट मित्रांनो, हा शब्द म्हणजे एका माणसाचे आडनाव आहे, हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हते. पुढे त्या माणसाचे चरित्र वाचले आणि अप्पांकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. म्हणून या वर्षीच्या मराठी पानासाठी तेच चरित्र निवडले आहे.

बालपण आणि शिक्षण

आलोईस अल्झायमर यांचा जन्म १४ जून १८६४ रोजी जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतात, माइन नदीकाठच्या मार्क्टब्राइट या लहानशा गावी झाला. वडील नोटरी होते. मुलांना चांगले शिक्षण मिळावे हा त्यांचा आग्रह होता. शाळेत आलोईस यांना विज्ञानाची गोडी लागली आणि त्यांनी डॉक्टर व्हायचे ठरवले. बर्लिन, ट्यूबिंगेन आणि वुर्झबुर्ग या विद्यापीठांत त्यांनी वैद्यकाचा अभ्यास केला.

ते अंगापिंडाने धिप्पाड होते आणि त्यांना तलवारबाजीचा शौक होता. विद्यार्थी मंडळांमधल्या द्वंद्वात त्यांच्या गालावर वार बसला. त्याचा व्रण जन्मभर राहिला आणि फोटो काढताना ते चेहऱ्याची दुसरी बाजू पुढे करीत. १८८७ मध्ये ते डॉक्टर झाले. त्यांचा प्रबंध कानातला मळ तयार करणाऱ्या ग्रंथींवर होता. विषय साधा होता, पण या कामात सूक्ष्मदर्शकाशी त्यांची मैत्री जुळली. ती शेवटपर्यंत टिकली.

फ्रँकफुर्टचे मनोरुग्णालय

१८८८ च्या डिसेंबरमध्ये ते फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. त्या काळी मनोरुग्णांना बांधून किंवा कोंडून ठेवणे ही सर्वत्र नेहमीची गोष्ट होती. फ्रँकफुर्टचे संचालक एमिल सिओली यांना ही पद्धत मान्य नव्हती. त्यांच्या हाताखाली अल्झायमर यांनी रुग्णांशी बोलणे, त्यांना मोकळे फिरू देणे, अस्वस्थ रुग्णाला कोमट पाण्याच्या टबात शांत करणे, असे उपाय वापरले. दुसऱ्याच वर्षी फ्रान्झ निसल हा तरुण डॉक्टर तिथे आला. मेंदूच्या पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसाव्यात अशी पद्धत निसल यांनी शोधून काढली होती. दिवसा वॉर्डात रुग्ण आणि संध्याकाळी प्रयोगशाळेत मेंदूचे पातळ काप, असा या दोन मित्रांचा दिनक्रम सुरू झाला.

वेड म्हणजे पापाचे फळ किंवा स्वभावाचा दोष, असे मानणारे लोक तेव्हा खूप होते. मन बिघडते तेव्हा मेंदूत काहीतरी बदलत असले पाहिजे आणि ते डोळ्यांनी पाहता आले पाहिजे, असे या दोघांचे मत होते.

१८९४ मध्ये अल्झायमर यांचा सेसिली या विधवा स्त्रीशी विवाह झाला. तीन मुले झाली. संसार सुखाचा होता, पण फेब्रुवारी १९०१ मध्ये सेसिली यांचे निधन झाले. धाकटी मुलगी तेव्हा अगदी लहान होती. अल्झायमर यांची बहीण मुलांना सांभाळायला आली आणि ते स्वतः कामात बुडून गेले. नऊ महिन्यांनी त्यांच्यासमोर एक रुग्ण आली.

ऑगुस्टे डेटर

२५ नोव्हेंबर १९०१. रेल्वेत कारकून असलेल्या एका गृहस्थांनी आपल्या पत्नीला रुग्णालयात दाखल केले. तिचे नाव ऑगुस्टे डेटर, वय ५१. नीटनेटकी, कामसू गृहिणी. काही महिन्यांपासून ती नवऱ्यावर विनाकारण संशय घेऊ लागली होती. स्वयंपाक चुकू लागला, वस्तू कुठेतरी लपवून ठेवायची आणि मग त्या सापडायच्या नाहीत. घरात ती उगाच येरझाऱ्या घालायची आणि कुणीतरी आपल्याला मारायला येत आहे या भीतीने ओरडायची.

दुसऱ्या दिवशी अल्झायमर तिच्या पलंगाशेजारी बसले. त्यांनी एकेक प्रश्न विचारला आणि प्रत्येक उत्तर जसेच्या तसे लिहून घेतले. तिने आपले नाव ऑगुस्टे सांगितले. आडनाव विचारले तरी ऑगुस्टे आणि नवऱ्याचे नाव विचारले तरी ऑगुस्टेच. जेवणात फ्लॉवर आणि डुकराचे मांस होते. काय खाता आहात असे विचारल्यावर तिने पालक असे उत्तर दिले. पेन्सिल, किल्ली, सिगार अशा वस्तू दाखवल्या तेव्हा तिने त्यांची नावे बरोबर सांगितली, पण थोड्या वेळाने कोणत्या वस्तू पाहिल्या हे तिला आठवेना. स्वतःचे नाव लिहायला सांगितले, तर पहिला शब्द लिहून ती थांबली, कारण पुढे काय लिहायचे तेच ती विसरली होती. मधूनमधून ती सांगत राही की आपण स्वतःलाच हरवून बसलो आहोत.

या नोंदींत एक बारकावा आहे. वस्तूचे नाव ओळखणे तिला जमत होते, पण नुकतेच पाहिलेले साठवणे जमत नव्हते. म्हणजे मेंदूचे सगळे काम एकदम बंद पडले नव्हते. आधी काही कामे गेली होती, काही शिल्लक होती. वर्गात प्रश्नाचे उत्तर चुकले की आपण फुली मारून पुढे जातो. अल्झायमर यांनी चुकलेले उत्तरही जपून लिहिले, कारण चूक कशी झाली यातच त्यांना आजाराचा माग लागत होता.

१९०३ मध्ये ते फ्रँकफुर्ट सोडून आधी हायडेलबर्गला आणि मग प्रसिद्ध मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांच्यासोबत म्युनिकला गेले. तिथे त्यांच्या प्रयोगशाळेत देशोदेशीचे तरुण डॉक्टर शिकायला येत. अल्झायमर प्रत्येकाच्या सूक्ष्मदर्शकापाशी बसून बारकाईने समजावून सांगत. त्या नादात हातातली सिगार तिथेच ठेवून ते पुढच्या विद्यार्थ्याकडे जात. दिवस संपेपर्यंत जवळजवळ प्रत्येक टेबलावर अर्धवट सिगार पडलेली असे. एवढ्या व्यापातही ते ऑगुस्टे यांची फ्रँकफुर्टला चौकशी करीत राहिले.

८ एप्रिल १९०६ रोजी ऑगुस्टे यांचा मृत्यू झाला. शेवटी त्या अंथरुणाला खिळल्या होत्या, बोलणेही थांबले होते. सिओली यांनी त्यांचे कागद आणि मेंदू म्युनिकला पाठवून दिला.

मेंदूत काय दिसले

तो मेंदू आकसलेला होता. अल्झायमर यांनी त्याचे पातळ काप केले आणि चांदीच्या क्षारांची त्या काळातली नवी रंगपद्धत वापरून ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. त्यांना दोन गोष्टी दिसल्या. पेशींच्या बाहेर, मधल्या जागेत, कसल्यातरी पदार्थाचे बारीक गोळे साचले होते. आणि पेशींच्या आत धाग्यांचे गुंते झाले होते. कित्येक पेशी मरून गेल्या होत्या आणि त्यांच्या जागी नुसता गुंताच उरला होता.

हे समजून घेण्यासाठी आपल्या ओळखीचे उदाहरण घेऊ. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. प्रत्येक पेशी म्हणजे एक चौकी समजा. चौकीला दोन गोष्टी लागतात : शेजारच्या चौक्यांशी संदेशाची लाइन आणि मागून येणारी रसद. बाहेर साचणारे गोळे बीटा-अमिलॉइड नावाच्या प्रथिनाचे असतात. दोन पेशींमध्ये जिथे संदेश दिला-घेतला जातो, तिथे ते बिघाड करतात. पेशीच्या आत रसद वाहून नेणारे बारीक मार्ग असतात आणि टाऊ नावाचे प्रथिन त्यांना आधार देते. आजारात टाऊ त्या मार्गांपासून सुटते आणि त्याचे गुंते होतात. मार्ग ढासळतो, रसद तुटते आणि चौकी पडते. एकेक चौकी पडत गेली की मेंदू आकसतो.

हा हल्ला सगळीकडे एकदम होत नाही. टाऊचे गुंते बहुधा आधी कानाच्या पातळीला, मेंदूच्या आतल्या बाजूस असलेल्या एन्टोरायनल कॉर्टेक्स या भागात होतात आणि मग शेजारच्या हिप्पोकॅम्पसमध्ये. हिप्पोकॅम्पस म्हणजे नव्या आठवणींची नोंद करणारे कार्यालय. ते बिघडले की सकाळचा नाश्ता आठवत नाही. ४० वर्षांपूर्वीची पोस्टिंग मात्र आठवते, कारण ती नोंद केव्हाच मेंदूच्या इतर भागांत पक्की झालेली असते.

एन्टोरायनल कॉर्टेक्सचे कामही ऐकण्यासारखे आहे. नॉर्वेतील मे-ब्रिट आणि एडवर्ड मोसर या शास्त्रज्ञांना तिथे ग्रिड पेशी सापडल्या. आपण चालतो तेव्हा या पेशी जागेवर जणू चौकटींचे जाळे टाकतात आणि आपण कुठे आहोत याचा हिशेब ठेवतात. मॅप रीडिंगच्या तासाला तुम्ही ग्रिड रेफरन्स काढता ना, तेच काम निसर्गाने मेंदूत बसवले आहे. या शोधाला २०१४ चे नोबेल मिळाले. अप्पा आखीव चामराजपेटेत का चुकले, याचे उत्तर मला इथे मिळाले. रस्ते जागेवरच होते, त्यांच्या डोक्यातला ग्रिड पुसला जात होता.

पुढे आजार मेंदूच्या वरच्या थरांत पसरतो. शब्द सापडेनासे होतात, ओळखीचे चेहरे अनोळखी वाटतात, निर्णय घेता येत नाही. दोन भाषा बोलणाऱ्यांत पुष्कळदा नंतर शिकलेली भाषा आधी विरळ होते. अप्पा ३० वर्षे पेठेत कन्नड बोलले. आता दारावरच्या भाजीवाल्याशीही ते खानापूरकडच्या मराठीतच बोलतात.

कुणी प्रश्नही विचारला नाही

३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगेन येथे मनोविकारतज्ज्ञांच्या सभेत अल्झायमर यांनी आपले निष्कर्ष मांडले. चित्रे दाखवली. सभेत कुणी एक प्रश्नही विचारला नाही. सगळ्यांना पुढच्या विषयाची घाई होती. ज्या शोधामुळे त्यांचे नाव जगभर होणार होते, तो असा शांततेत मांडला गेला. त्यांनी तक्रार केली नाही. पुढच्या वर्षी लहानसा लेख छापला आणि ते पुन्हा कामाला लागले. १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमर यांचे नाव दिले.

१९१२ मध्ये ब्रेस्लाऊ विद्यापीठात त्यांची प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. हे शहर आज पोलंडमध्ये आहे. तिथे जाताना प्रवासातच ते आजारी पडले आणि त्यांचे हृदय पुन्हा पूर्ण सावरले नाही. पहिले महायुद्ध चालू असताना, १९ डिसेंबर १९१५ रोजी त्यांचे निधन झाले. वय ५१, म्हणजे ऑगुस्टे रुग्णालयात आल्या तेव्हा जेवढे त्यांचे वय होते तेवढेच. फ्रँकफुर्टला पत्नीशेजारी त्यांना पुरण्यात आले. त्याच १९१५ साली कन्नड साहित्य परिषदेची स्थापना झाली. चामराजपेटेतल्या तिच्या इमारतीसमोरून मी आज अप्पांना फिरायला नेतो.

पुढे अनेक वर्षे हा तरुण वयातला दुर्मीळ आजार समजला गेला. म्हाताऱ्या माणसाचे विसरणे मात्र नैसर्गिकच मानले जाई. १९७० च्या दशकात हे मत बदलले. १९७६ मध्ये अमेरिकेतील डॉक्टर रॉबर्ट कॅट्झमन यांनी ठामपणे मांडले की म्हातारपणीचा बराचसा स्मृतिभ्रंश म्हणजे हाच आजार आहे. ऑगुस्टे यांची हरवलेली फाईल १९९५ मध्ये फ्रँकफुर्टला सापडली. आत ३२ पाने होती. अल्झायमर यांनी लिहून घेतलेले प्रश्न आणि उत्तरे जशीच्या तशी होती आणि ऑगुस्टे यांनी नाव लिहिण्याचा केलेला अर्धवट प्रयत्नही.

त्याच १९९५ साली आपल्या बेंगळुरूत निम्हान्समध्ये मेंदू-पेढी सुरू झाली. मृत्यूनंतर दान केलेले मेंदू तिथे संशोधनासाठी जपले जातात. तिथल्या संग्रहालयात खरे मेंदू पाहायला मिळतात. शक्य झाले तर कॅडेटांनी ते जरूर पाहावे.

आपल्यासाठी

भारतात ६० वर्षांवरील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीचा अंदाज आहे. स्मृतिभ्रंशाची कारणे अनेक, पण अल्झायमर हे त्यातले सर्वांत मोठे. तो हुद्दा किंवा हुशारी पाहत नाही. मंगळूरचा एक मुलगा १९४६ मध्ये धर्मशिक्षणासाठी बेंगळुरूला आला, पुढे मुंबईच्या कामगारांचा नेता झाला आणि कारगिल युद्धाच्या वेळी देशाचा संरक्षणमंत्री होता. सियाचिनच्या जवानांना भेटायला तो पुन्हा पुन्हा गेला. अनेक भाषा बोलणारे हे जॉर्ज फर्नांडिस आयुष्याची अखेरची वर्षे याच आजारात निःशब्द होते.

आजार पूर्ण बरा करणारे औषध अजून नाही. काही औषधांनी लक्षणे थोडी आवरतात, काही नव्या औषधांनी सुरुवातीच्या टप्प्यात वेग किंचित मंदावतो. मेंदूतले बदल लक्षणांच्या १५-२० वर्षे आधीच सुरू होतात. म्हणून रक्तदाब आणि मधुमेह आटोक्यात ठेवणे, धूम्रपान टाळणे, व्यायाम, शिक्षण, कमी ऐकू येत असल्यास उपचार आणि डोक्याला इजा न होऊ देणे, या सगळ्याला महत्त्व आहे. पालकांनी पहिल्या चार गोष्टी पाहाव्यात. कॅडेटांनी बॉक्सिंगचा हेडगार्ड आणि सायकलचे हेल्मेट कंटाळा न करता घालावे.

आणि सुट्टीवर घरी जाल तेव्हा आजी-आजोबांकडे नीट लक्ष द्या. एकच प्रश्न पुन्हा आला तर पुन्हा उत्तर द्या. त्यांच्यासाठी तो पहिलाच असतो. मी कोण ते ओळखा, अशी परीक्षा घेऊ नका. आपणच जवळ जाऊन नाव सांगा. चोरीचा आळ आला तर वाद न घालता वस्तू शोधायला मदत करा. वागण्यात बदल दिसला तर वय झाले म्हणून सोडून न देता डॉक्टरांकडे न्या, कारण थायरॉइडचा बिघाड, बी-१२ ची कमतरता किंवा नैराश्य यांमुळेही विसरायला होते आणि त्यांवर उपचार आहेत.

हातांना पडलेली सवय मेंदूच्या वेगळ्या भागांत राहते आणि बराच काळ टिकते. अप्पांना आज वार सांगता येत नाही, पण बूट आणि पॉलिश समोर ठेवले की ते शांतपणे बूट चमकवतात. गेल्या रामनवमीला त्यांना फोर्ट हायस्कूलच्या मैदानावरच्या संगीत महोत्सवाला नेले. कोण गात आहे हे त्यांना कळले नाही, पण मांडीवर ताल बरोबर पडत होता.

डॉ. अल्झायमर यांच्यापाशी या आजारावर औषध नव्हते. पलंगाशेजारी बसणे, विचारणे, ऐकणे आणि लिहून ठेवणे एवढेच त्यांच्या हातात होते आणि ते त्यांनी मन लावून केले. मी आता एक वही ठेवली आहे. अप्पा काय म्हणाले, काय खाल्ले, काय आठवले, ते रोज संध्याकाळी तीत लिहितो. डॉक्टरांना ती उपयोगी पडते. आणि ती वही ठेवल्यापासून मी त्यांच्यावर आवाज चढवलेला नाही.